तात्या, सेकंदाला साठ वेळा

माझ्या वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणाला तीनशे माणसं कीर्तन अर्धवट सोडून जेवायला उठली, आणि त्यांना उठवलं ते खुद्द वडिलांनीच.

यात वडिलांची काहीच चूक नव्हती. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. चूक माझी. म्हणजे थोडी माझी आणि थोडी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची. (कव्हरवर हसरा बेडूक, आत सोळा प्रकरणं, आणि पहिल्याच पानावर ‘अजिबात घाबरू नका’. असं कुणी म्हणालं की शहाण्या माणसाने तिथेच घाबरावं.)

पण आधी तात्यांविषयी सांगतो. आमचं गाव उत्रोली, भोरला खेटूनच. तात्यांची भातशेती होती, पण पंचक्रोशीत त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नव्हतं. तात्या म्हणजे पंगतीचा माणूस. लग्न असो, वास्तुशांत असो, तेरावा असो, मांडव पडला की माईक तात्यांच्या हातात. आचाऱ्याने भाताचं पातेलं उतरवलं की तात्या माईकवर म्हणायचे, ‘चला, बसून घ्या, बसून घ्या मंडळी, पानं वाढल्यात.’ एवढंच. पण हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणी बसत नसे आणि ऐकल्यावर कोणी उभं राहत नसे. कारण जो उभा राहील त्याचं नाव तात्या माईकवरून घेत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचं नाव घेतलं होतं, शेरवानीच्या रंगासकट.

स्वतः मात्र ते तिथे जेवत नसत. वाढणाऱ्याने तिथेच जेवलं की त्याचा हात आखडतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटची पंगत उठली की घरी यायचे आणि आईबरोबर जेवायचे. मग ते तीन वाजोत नाहीतर चार. आई थांबायची. आईला शुगर आहे, वेळेवर जेवायचं म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं आहे, तरी थांबायची. मी ओरडायचो, माझी बायको रेखा ओरडायची, आई म्हणायची, येतीलच की आता.

गेल्या वर्षी मे महिन्यात तात्या डोंगरापलीकडे पासलीला एका लग्नात वाढायला गेले. तिथे मोबाईलला रेंज म्हणजे वाऱ्यावरची वरात, फोन लागला तर लागला. त्या दिवशी लागेना. मग तिथल्या कुणीतरी तात्यांना आवाजाचा मेसेज कसा पाठवायचा ते शिकवलं असावं, कारण दुपारी एकच्या सुमाराला माझ्या मोबाईलवर तात्यांचा आयुष्यातला पहिला आवाजी मेसेज आला. पंधरा सेकंदांचा. माझं भोरमध्ये फ्लेक्सचं दुकान आहे. मी तेव्हा एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सत्तावीस शुभेच्छुकांचे फोटो ओळीत बसवत होतो, त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या वर जायचं होतं. मी मेसेज पाहिला. म्हटलं, ऐकू नंतर.

शेवटची पंगत बसली तेव्हा तात्यांनी माईक खाली ठेवला, ऊन लागतंय म्हणून सावलीत खुर्चीवर बसले, आणि गेले. बातमी घरी आली तेव्हा साडेचार वाजले होते. आई न जेवता बसलेली होती.

मेसेज मी ऐकला तिसऱ्या दिवशी, सावडून आल्यावर, गोठ्यामागे उभा राहून. त्यात पंगतीचा कलकलाट होता आणि त्यावर तात्यांचा आवाज. ‘सुनील, आईला सांग, हितं लई उशीर हुनार हाय. आज तिनं थांबायचं न्हाई. येळेवर जेवून घे म्हनावं.’ बोलता बोलता मेसेजच्या बटणावरचं बोट तसंच राहिलं आणि त्यांनी पंगतीला हाक घातली, ‘चला, बसून घ्या, बसून घ्या मंडळी, पानं वाढल्यात.’ संपलं.

मी तसाच घरात गेलो. आईजवळ भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या आणि आई त्यांना सांगत होती, ‘जाताना एका शब्दानं बोलले न्हाईत गं. एक निरोप न्हाई. मी आपली ताट झाकून बसलेली.’ मी तोंड उघडलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, चहा घेणार का सगळ्या?

तिथे जे तोंड मिटलं ते वर्षभर मिटलं.

असं नाही की मी प्रयत्न केला नाही. दहाव्यानंतर सांगू म्हटलं. मग तेराव्यानंतर. मग म्हटलं दिवाळीत नको, मग म्हटलं आता दिवाळी होऊन गेली. आई येईल-जाईल त्याला तेच सांगायची, एक शब्द बोलले न्हाईत. वर चार वाजल्याशिवाय जेवायची नाही. कुणाची वाट बघतेस असं विचारायची आमची छाती नव्हती. दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा डॉक्टर मला म्हणाले की तुम्ही त्यांच्याशी नीट बोला. मी हो म्हणालो आणि दुकानात जाऊन तीन फ्लेक्स छापले.

आणखी एक गोष्ट झाली. दिवाळीनंतर लगेच आई एकदा चुलीपुढे बसून मला म्हणाली, ‘सुनील, मला ह्यांचा आवाज आठवंना झालाय. तोंड दिसतं, आवाज येत न्हाई. कुठं असंल का रं?’

मी म्हणालो, शोधतो. खिशात मोबाईल होता, मोबाईलमध्ये आवाज होता, आणि मी शोधतो म्हणालो.

आणि खरोखरच शोधायला लागलो. म्हटलं दुसरा एखादा आवाज मिळाला तर हा दाखवायची वेळच येणार नाही. तात्या तीस-पस्तीस वर्षं माईकवर बोलले होते, कुठेतरी असेलच. भोरचे अस्लमभाई मांडव आणि स्पीकरवाले. त्यांची आणि तात्यांची जोडी, तात्यांच्या हातातला माईक त्यांचाच. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, रेकॉर्ड करायला माईक तात्यांच्या हातातून सुटायला तर पाहिजे. मग मी गावातल्या लग्नांच्या कॅसेटी आणि सीडी गोळा केल्या. प्रत्येक लग्नात पंगत होती, प्रत्येक पंगतीत तात्या होते, आणि प्रत्येक पंगतीवर फोटोवाल्याने सिनेमाचं गाणं टाकलं होतं. तात्यांचं तोंड उघडतंय, मिटतंय, आणि आवाज एका बाईचा. मी दहा-बारा लग्नं बघितली. त्यातल्या दोन जोडप्यांची आता बोलचालही नाही, पण गाणी शाबूत होती.

म्हणजे जगात तात्यांचा आवाज उरला होता तो माझ्या खिशात, पंधरा सेकंद.

आता इथे बेडूक येतो. हे पुस्तक मी पुण्याहून फ्लेक्सचा रोल आणताना फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून उचललं होतं. मोठ्या कार्यक्रमांत फ्लेक्सच्या जागी हलत्या चित्रांचे पडदे यायला लागले होते, म्हटलं आपणही शिकावं. चित्र, आवाज, कॅमेरा असं सगळं एकत्र नाचवणारी कॉम्प्युटरची भाषा, अगदी नवशिक्यांसाठी. तुम्ही हललात की चित्र हलतं, तुम्ही जवळ आलात की ते बोलतं. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (माझ्या डोक्यात प्रकाश पडतो तेव्हा रेखा देवापुढे दिवा लावते.) तात्यांच्या पुण्यस्मरणाला कीर्तन होणार. बारा वाजता फुलं टाकायचा कार्यक्रम होणार. फोटोच्या जागी टीव्ही ठेवायचा. टीव्हीत तात्या. माणसांनी फुलं टाकली की टीव्हीतही फुलं पडतील, आणि त्याच वेळी तात्यांचा आवाज येईल, ‘येळेवर जेवून घे म्हनावं.’ सुरुवातीचा ‘सुनील, आईला सांग’ हा तुकडा कापायचा. आईला आवाज मिळेल, निरोप मिळेल, आणि तो कुणी दाबून ठेवला होता हे त्या गर्दीत कोणी विचारणार नाही.

अस्लमभाईंना मी यातलं निम्मंच सांगितलं, की आवाज सापडलाय आणि फुलांच्या वेळी लावायचाय. ते म्हणाले, ‘मोबाईल माईकला लाव आन बटन दाब. त्याला पुस्तक कशाला पायजे?’ त्यांचं बरोबर होतं. पण बटण दाबायचं म्हणजे ते माझ्या हाताने झालं असतं.

पाच महिने मी शिकलो. पहिल्या प्रकरणात एक गोल काढायचा होता. मी काढला, तो दिसेना. अर्धा दिवस गोल शोधला, तो वरच्या कोपऱ्यात तीन भाग बाहेर आणि एक भाग आत असा अडकलेला होता. दुसऱ्या प्रकरणात गोलांचं फूल काढलं. रेखा म्हणाली, इडलीपात्र छान आलंय. मग ओळीच्या शेवटी एक अर्धविराम राहिला म्हणून अख्खा प्रोग्रॅम आडवा झाला. आमच्या धंद्यात याची सवय नाही हो. फ्लेक्सवर श्रद्धांजली कशीही लिहिली तरी गेलेला माणूस तक्रार करत नाही. हे यंत्र मात्र एका टिंबासाठी लाल अक्षरात अंगावर यायचं.

चौथ्या प्रकरणात चित्र हलवायला शिकलो. तात्यांचा फोटो डावीकडून उजवीकडे न्यायचा होता. मागचं चित्र पुसायचं असतं हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तात्या जिथून जिथून गेले तिथे तिथे एकेक तात्या मागे राहिले. स्क्रीनभर चाळीस तात्या, खांद्याला खांदा लावून. नेमकी आई दुकानात आली. बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं आता रडते. ती म्हणाली, ‘एकालाच सांभाळताना माझ्या नाकी नऊ आले हुते.’ आणि मग रडली.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. दुकानात कोणी नव्हतं. मी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पाचवं प्रकरण उघडलं.

या भाषेतली मुख्य गोष्ट आता सांगतो, कारण पुढे तिनेच घात केला. तिथे प्रोग्रॅमचे दोन भाग असतात. पहिला भाग सुरुवातीला एकदाच चालतो. मी तो मांडव घालण्यासारखा असं लक्षात ठेवलं होतं, एकदा घातला की झालं. दुसरा भाग पुन्हा पुन्हा चालतो, सेकंदाला साठ वेळा, बंद करेपर्यंत. तो पंगतीत वाढण्यासारखा, वाढपी गेला की पुन्हा आला, गेला की पुन्हा आला. जे एकदाच करायचं ते कधीही वाढपाच्या भागात उघडं टाकू नका, असं बेडूकवाल्यांनी चौकटीत छापलं होतं. मी त्याखाली पेनाने रेघ मारली होती. दोनदा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक होतं. माऊसचं बटण दाबलं की टीव्हीत फुलं पडायची आणि कापलेला आवाज एकदा यायचा. सकाळी मांडवात टीव्ही मांडला, त्याला हार घातला. (एका म्हाताऱ्या चुलत्यांनी टीव्हीला हार घालायला साफ नकार दिला. शेवटी त्यांनी तो टीव्हीखालच्या टेबलाला घातला.) तेवढ्यात रेखाने विचारलं, की बारा वाजता सगळे उभे राहून फुलं टाकणार, तेव्हा तुम्ही हातात माऊस धरून टेबलाखाली बसणार का? अस्लमभाईंच्या माणसांना सांगावं तर ते विचारणार, काय ऐकवताय. तेव्हा मी घाईने चौदावं प्रकरण उघडलं, ‘कॅमेरा’. टीव्हीच्या डोक्यावर छोटा कॅमेरा अडकवला आणि बारापर्यंत त्याने काही बघू नये म्हणून त्यावर रुमाल टाकला. समोर काही हललं की आवाज सुरू, अशी ओळ लिहिली. कुठे लिहिली? वाढपाच्या भागात. मग लॅपटॉप म्हणाला आवाजाची फाईल सापडत नाही. कापलेली फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहिली होती. लॅपटॉपवर होती ती आख्खी. तिकडे टाळकरी येऊन बसले होते, महाराज फेटा बांधत होते. मी जी फाईल होती तिचं नाव टाकलं, लॅपटॉप टेबलाखाली सरकवला, वर पांढरी चादर ओढली आणि हात जोडून पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

कीर्तन रंगलं. महाराज चांगले होते, आवाज खडा. सव्वाअकराच्या सुमाराला ते मरणावर आले. म्हणाले, माणूस आहे तोवर बोलून घ्या. एकदा गेला की गेला. मग तुम्ही आभाळ डोक्यावर घ्या, तो परत बोलणार नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आई टीव्हीसमोरच बसली होती, तिने खाली बघितलं. महाराजांनी हात वर केला, मृदंगावर थाप पडली, आणि टाळकरी उठून टीव्हीपुढे पावली खेळायला लागले. त्या हादऱ्याने कॅमेऱ्यावरचा रुमाल खाली पडला.

स्पीकरमधून आवाज आला, ‘सु सु सु सु सु सु सु सु.’

थंडीत एसटी चालू होत नाही तेव्हा जसा आवाज येतो तसा. टाळकरी हलत होते, कॅमेरा बघत होता, आणि सेकंदाला साठ वेळा तात्या पहिल्या अक्षरापासून सुरू होत होते. अस्लमभाई स्पीकरकडे धावले. टाळकरी घाबरून जागच्या जागी थांबले. सगळा मांडव स्तब्ध झाला. आणि हलणारं काहीच उरलं नाही म्हटल्यावर तात्या स्वच्छ, खणखणीत बोलले.

‘सुनील, आईला सांग, हितं लई उशीर हुनार हाय. आज तिनं थांबायचं न्हाई. येळेवर जेवून घे म्हनावं. चला, बसून घ्या, बसून घ्या मंडळी, पानं वाढल्यात.’

पहिल्या रांगेतले म्हातारे उठले. त्यांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षांची सवय, हाक आली की गुडघ्यावर हात टेकून उठायचं. ते उठले म्हणून मागचे उठले. मागचे उठले म्हणून बायका उठल्या. मांडवामागे आचाऱ्याचा भात अजून दमावर होता, पण तात्यांची हाक ऐकून त्याच्या माणसांनी पत्रावळ्यांचे गठ्ठे उचलले आणि पळत सुटले. बघता बघता सहा ओळी बसल्या. कुणी पत्रावळीवर पाणी शिंपडतंय, कुणी पलीकडच्याला सरकायला सांगतंय. मृदंगवाल्याने मृदंग उतरवला आणि तोही ओळीत बसला. महाराज एकटे वीणेकऱ्याशेजारी उभे राहिले होते. त्यांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, ‘आम्हीही बसायचं का?’

मी लॅपटॉपकडे झेपावलो. आता एक लक्षात घ्या, कॅमेरा माझ्याकडेही बघत होता. मी जितका धावलो तितके तात्या अडखळले. ‘सु सु सु सु.’ मी चादरीखाली डोकं घातलं, चादर हलली, ‘सु सु सु.’ टीव्हीत फुलं अशी पडत होती की तात्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. मी बटणं दाबतोय, चुकीची दाबतोय, अस्लमभाई स्पीकरची वायर ओढायला वाकलेत.

तेव्हा आई बोलली. ‘अस्लम, ऱ्हाऊ दे.’ अस्लमभाईंनी वायर सोडली. मग मला म्हणाली, ‘सुनील, हालू नको.’

मी थांबलो. डोकं चादरीखाली, बाकी सगळा बाहेर. चादरीच्या फटीतून दिसलं, कॅमेऱ्यापुढे आता कोणी नव्हतं, एकटी आई. ती सतरंजीवर हात मांडीवर ठेवून बसली होती, गालावरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही तिने हात उचलला नाही. तात्यांनी तिला पूर्ण निरोप सांगितला.

संपल्यावर तिने उजवा हात थोडासा हलवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. तात्या पहिल्यापासून बोलले. संपले. तिने पुन्हा हात हलवला. मला जे यायला चौदा प्रकरणं लागली ते आईला दोन खेपांत आलं होतं, आणि तिच्याकडे बेडूकही नव्हता.

चार वेळा ऐकून झाल्यावर तिने विचारलं, ‘कवाचं हाय ह्ये?’

मी चादरीतून डोकं बाहेर काढलं. सहा ओळी रिकाम्या पत्रावळ्यांपुढे बसून माझ्याकडे बघत होत्या. ‘त्याच दिवसाचं,’ मी म्हणालो. ‘दुपारी एकला आलं होतं. मी ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ऐकलं.’

‘आन मंग?’

‘मग तुला सांगायची हिंमत झाली नाही.’

मला वाटलं आता ती सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं. ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, ‘वरीसभर मी त्यांच्यावर राग धरून बसले, सुनील. दिवा लावताना बी रागानं लावला. आन त्यांनी निरोप दिला हुता.’

मी तिथेच टेबलापाशी बसून रडलो, चांगला आवाज काढून रडलो, आणि माझ्या हलण्याने स्पीकरवर ‘सु सु सु’ सुरू झालं ते वेगळंच.

आई उठली. घड्याळात साडेअकरा झाले होते. ती बायकांच्या ओळीत गेली, एकीला सरकायला सांगितलं आणि पत्रावळीपुढे मांडी घालून बसली. जन्मात कधी ती पहिल्या पंगतीला बसली नव्हती. रेखा पळत जाऊन आचाऱ्याच्या मागे लागली. दमावरचा भात तसाच, जरा कचकचीत, आईच्या पानात पडला, त्यावर आमटी पडली, आणि ती जेवायला लागली. तिने पहिला घास घेतला तसे बाकीचेही जेवायला लागले. महाराजही बसले होते. त्यांनी मठ्ठा दोनदा मागून घेतला.

फुलांचा कार्यक्रम जेवणानंतर झाला, म्हणजे साडेबाराला. कीर्तनाचा उरलेला भाग त्यानंतर. उत्रोलीत आधी जेवण, मग फुलं आणि मग मरणाचा उपदेश असा उलटा कार्यक्रम तेवढा एकदाच झालाय. अस्लमभाईंनी जाताना पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, बटन दाबलं असतंस तर बरं झालं असतं.

त्यानंतर आई माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. रेखामार्फत सगळं. मला ते पटलं. या नऊ दिवसांत दुसरं काही सुचेना म्हणून मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. टीव्ही माजघरात लावून दिला, कॅमेरा बसवला, आवाजाची ओळ अशी बांधून घातली की समोर माणूस आला की तात्या एकदाच, न अडखळता बोलतील. अगदी पुस्तकाबरहुकूम. दहाव्या दिवशी आई पुढे येऊन बसली. तात्या बोलले. तिने हात हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. काही नाही.

‘बिघडवलंस व्हय रं?’ ती म्हणाली. नऊ दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. ‘तवा बरं चालत हुतं.’

मी चूक होती तिथे परत टाकली. आता रोज दुपारी साडेबाराला ती समोर बसते, हात हलवते आणि मग पंधरा सेकंद पापणीसुद्धा हलवत नाही. कधी एकदा ऐकते, कधी पाच-सहा वेळा. मग उठून वेळेवर जेवते. शुगर बरीच आटोक्यात आहे. कधी ऐकता ऐकता हुंदका येतो, अंग हलतं आणि तात्या मध्येच ‘सु सु’ करतात. तेव्हा ती त्यांच्यावर खेकसते, की नीट बोला की जरा. ते ऐकू आलं की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसतो.

परवा रेखाने विचारलं, एवढं जाड पुस्तक वाचून नक्की काय केलंत? मी जरा आठवून पाहिलं. आईला एक निरोप सांगायचा होता, पंधरा सेकंदांचा, साध्या मराठीत. त्यासाठी मला पाच महिने, चौदा प्रकरणं, एक टीव्ही, एक कॅमेरा, अस्लमभाईंचे दोन स्पीकर आणि तीनशे माणसं लागली. आणि एवढं करूनही तो मी सांगितलाच नाही, शेवटी तात्यांनाच येऊन सांगावा लागला.